तळं उलटतं तेव्हा मासे जातात कुठे?

ऑक्टोबर आला की अमेरिकेतून चालणाऱ्या या मासेमारीच्या सदराला येणाऱ्या पत्रांचा सूर एकच, मासे गायब झाले. यंदाही तेच, त्यामुळे बाकी प्रश्न (रीळ कुठलं घेऊ, वगैरे) पुढच्या वेळी, आज फक्त पाण्याच्या उलथापालथीबद्दल. शेवटचं पत्र सिन्नरहून आलंय आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, पण ते समजायला आधीची उत्तरं वाचावी लागतील म्हणून शेवटी ठेवलंय.

प्रश्न : काका, मी मॅडिसनला (विस्कॉन्सिन) एमएस करतोय. सप्टेंबरभर मेंडोटा लेकच्या धक्क्यावर बसून रोज संध्याकाळी पाच-सहा ब्लूगिल, एखादा पर्च असं मिळत होतं. गेल्या वीकेंडला गेलो तर पाणी एकदम गढूळ हिरवट-चॉकलेटी, वर फेस, काठाला कुजलेलं शेवाळ आणि अंडं सडल्यासारखा वास. चार तास बसलो, एकही मासा नाही. कोणी ड्रेनेज सोडलंय का लेकमध्ये? तक्रार करू का?

उत्तर : अरे कोणी काही सोडलेलं नाही, थांब. मी पण इथे आल्याच्या पहिल्या वर्षी हेच समजलो होतो आणि नंबर शोधून तक्रारीचा फोन लावायलाच निघालो होतो, शेजारच्या म्हाताऱ्याने हसून सांगितलं की लेक "टर्नओव्हर" होतोय, घरी जा. म्हणजे तळं उलटतंय.

तू लहानपणी बादलीत आंघोळ केली असशील तर हे तुला लगेच कळेल. आमची आजी म्हणायची, विसण घातलंस की हात घालून ढवळ, नाहीतर वर चटका आणि खाली गारठा. ढवळलं नाही तर गरम पाणी वरच बसून राहतं कारण ते हलकं, गार पाणी जड म्हणून खाली. मेंडोटाचं उन्हाळाभर हेच झालेलं असतं. लेक सगळ्यात खोल जागी ८३ फूट आहे, वरचं पाणी उन्हाने तापून २४-२५ डिग्रीला जातं, तळातलं १०-१२ च्या आसपास गारच राहतं, आणि दोन्हीच्या मध्ये एक पातळसा पट्टा असतो जिथे पाच-दहा फुटांत टेम्परेचर धाडकन उतरतं. त्याला थर्मोक्लाईन म्हणतात. हा शब्द रूढ केला तो तुझ्याच युनिव्हर्सिटीतल्या बर्ज नावाच्या प्रोफेसरने, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि याच मेंडोटावर होडी घालून मापं घेऊन. पुढे त्याला ज्युडे म्हणून जोडीदार मिळाला आणि दोघांनी मिळून या लेकची इतकी मापं घेतली की आज जगात सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्या तळ्यांत मेंडोटाचं नाव घेतात. तू ज्या धक्क्यावर बसतोस ना, ती जागा तशी ऐतिहासिक आहे, पुढच्या वेळी चिप्सचं पाकीट तिथे टाकू नकोस. (टाकत नसशील तर सॉरी.)

आता मुद्दा. वारा वरचं पाणी वरच्या वर घुसळतो, पण थर्मोक्लाईनच्या खाली त्याचा जोर पोचत नाही. गरम पाण्याचे थर एकमेकांत मिसळायला फार अवघड, कारण २५ वरून २४ ला येताना पाणी जेवढं जड होतं ते ५ वरून ४ ला येताना होतं त्याच्या जवळपास ३० पट जास्त. त्यामुळे उन्हाळ्यात वर-खाली जणू स्लॅब टाकलेला असतो. वरून मेलेलं शेवाळ, पानं, कचरा खाली पडत राहतो, तो कुजताना तळातला ऑक्सिजन खाऊन टाकतो आणि नवीन ऑक्सिजन वरून यायचा रस्ता बंद. मेंडोटासारख्या, भोवती शेती असलेल्या आणि खतावलेल्या लेकमध्ये जुलै-ऑगस्टपर्यंत तळाला ऑक्सिजन जवळजवळ शून्य होतो आणि मग हायड्रोजन सल्फाइड साठतो, तोच तुझा सडक्या अंड्याचा वास.

सप्टेंबर संपत आला की रात्री गार पडायला लागतात. वरचं पाणी गार होतं, जड होतं, बुडतं. थर्मोक्लाईन रोज थोडी खाली सरकते. आणि एक दिवस, साधारण कोजागिरी ते दिवाळीच्या मध्ये कधीतरी, वरचं आणि खालचं पाणी जवळपास एकाच टेम्परेचरला येतं, स्लॅब नाहीसा होतो आणि पुढचं जोरदार वारं सगळं तळं वरपासून खालपर्यंत ढवळून काढतं. खालचा गाळ, फॉस्फरस, वास सगळं वर, वरचा ऑक्सिजन खाली. तुझा वीकेंड नेमका त्यात सापडला.

आता मासे कुठे गेले? कुठेही गेलेले नाहीत, पसरलेत. एक जुना वाडा डोळ्यासमोर आण, लग्नघर आहे, पण तळमजला बंद, कुलूप. सगळे पाहुणे माडीवर दाटीवाटीने. तू माडीवर लाडवाचं ताट घेऊन गेलास तर दोन मिनिटांत संपणार. मग कोणीतरी तळमजल्याचं कुलूप काढतं आणि तेवढेच पाहुणे अख्ख्या वाड्यात, अंगणात, पडवीत पांगतात. ताट तेच, माणसं तीच, पण तू जिथे उभा आहेस तिथे कोणी नाही. उन्हाळ्यात ब्लूगिल आणि पर्चला खाली जाताच येत नव्हतं, श्वास कोंडला असता, म्हणून ते तुझ्या धक्क्याच्या पट्ट्यात मिळत होते. आता त्यांना ८३ फूट मोकळे झालेत. त्यात पाणी गढूळ, त्यांना तुझं आमिष दिसत नाही, आणि टेम्परेचर रोज बदलतंय म्हणून तेही जरा सुस्त.

आठ-दहा दिवस थांब. मग परत ये, पण धक्क्याच्या टोकाला, आणि आमिष खोल सोड.

प्रश्न : मी मिनियापोलिसला राहतो, इंजिनियर आहे, पाणी ४ डिग्रीला सर्वात जड असतं हे शाळेत शिकलोय. म्हणजे टर्नओव्हर तेव्हाच होणार ना, पाणी ४ ला आल्यावर? पण माझे मित्र म्हणतात की ऑक्टोबरमध्येच होऊन जातो, तेव्हा तर पाणी १२-१३ असतं. कोण बरोबर? आणि आम्ही मिनेटोंका आणि मिल लॅक्स दोन्हीकडे जातो, दोन्हीचं वेगळं असतं का?

उत्तर : मित्र बरोबर. तुमचं शाळेतलं पण बरोबर आहे, फक्त ते वापरायची जागा चुकली. उलटण्यासाठी ४ लागत नाही, वर आणि खाली सारखं टेम्परेचर लागतं. तळाला ११ असेल तर वरचं ११-१२ ला आलं की झालं काम. ४ चा संबंध नंतरचा. सगळं तळं मिसळत मिसळत ४ पर्यंत उतरतं, त्याच्याखाली गेलेलं पाणी उलट हलकं व्हायला लागतं, वर तरंगतं आणि तिथे बर्फ धरतो. म्हणून बर्फ वरून जमतो आणि त्याच्या खाली मासे जगतात. वसंतात बर्फ वितळला की पुन्हा एकदा हीच ढवळाढवळ. वर्षातून दोनदा.

नेटवर "५५ फॅरनहाइट आलं की टर्नओव्हर" असे आकडे फिरतात, ते एका तळ्यावरचे दुसऱ्याला लावू नका. मी काय करतो सांगतो, फुकट आहे. अरुंद तोंडाची जाड काचेची बाटली, बुडाला शिशाचं वजन, तोंडाला बूच. एक दोरी बाटलीला, दुसरी बारीक दोरी बुचाला. पहिल्या दोरीला दर १० फुटांवर लाल दोरा बांधलेला. हव्या त्या खोलीला बाटली सोडायची, बुचाची दोरी झटका देऊन ओढायची, बुडबुडे वर येतात ते थांबले की बाटली भरली, पटापट वर ओढून आत थर्मामीटर घालायचा. साधा थर्मामीटर नुसता सोडला तर वर येईपर्यंत आकडा बदलतो, बाटलीतलं पाणी तेवढं लगेच बदलत नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मला वर १९ आणि ६० फुटांवर १२ मिळालं होतं. पुढच्या शनिवारी १७ आणि १२. मग १५ आणि १२. चौथ्या शनिवारी वर १३, खाली साडेबारा, आणि बाटलीचं बूच काढल्यावर असा वास आला की बायकोने ती बाटली गॅरेजच्या आत येऊ दिली नाही. तुमच्याकडे फिशफाइंडर असेल तर अजून सोपं, उन्हाळ्यात स्क्रीनवर मध्येच एक धूसर आडवी रेघ दिसते ती थर्मोक्लाईन. ती रेघ दिसेनाशी झाली की समजायचं.

आता तुमची दोन तळी. मिनेटोंका खोल आहे, काही ठिकाणी शंभर फुटांच्या वर, आणि ते एक तळं नाहीच, खाड्याच खाड्या जोडून केलेली गोधडी आहे. प्रत्येक खाडीचा दिवस वेगळा. उथळ खाडी आधी मिसळते, खोल आणि वाऱ्याच्या आडोशाची नंतर. म्हणजे एका खाडीत पाणी घाण झालं असेल तर बोट काढून दुसरीकडे जायचं, रडत बसायचं नाही. मिल लॅक्सचं उलट. एवढा अवाढव्य पसरलेला, पण सगळ्यात खोल जागी फक्त ४२ फूट. उघड्या मैदानातल्या परातीसारखा, वारा त्याला उन्हाळ्यातसुद्धा घुसळत असतो, पक्के थर बसतच नाहीत. तिथे मासा नाही मिळाला तर टर्नओव्हरवर ढकलू नका.

आणि हे मी सगळ्यांनाच सांगतो, ऑक्टोबरमध्ये रिकाम्या हाताने येणारे निम्मे लोक टर्नओव्हरचं नाव सांगतात आणि कारण असतं आदल्या दिवशी आलेला कोल्ड फ्रंट (थंड हवेची लाट), किंवा ऑगस्टमधल्याच जागी ऑगस्टमधलंच आमिष टाकून बसणं. मीही त्यात आलो.

प्रश्न : आम्ही शिकागोजवळ राहतो. मुलांना (वय ९ आणि १३) मासे पकडायचं भयंकर वेड आहे, मला स्वतःला काही येत नाही. दिवाळीच्या आधीच्या वीकेंडला मॅडिसनला बहिणीकडे जातोय. नेमका तुमचा तो टर्नओव्हर असेल तर मुलांचा हिरमोड होईल. काय करता येईल?

उत्तर : ताई, मुलांना सांगा रॉड घेऊन या. उलटतं ते खोल तळं, नदी नाही. वाहत्या पाण्यात थरच नसतात. मेंडोटातून याहारा नदी बाहेर पडते तिथे टेनी पार्कला लॉक (बोटी वर-खाली नेणारे दरवाजे) आहे, पार्किंग आहे, बाथरूम आहे, मुलांसोबत हे आधी बघावं लागतं हे मला माहितीय. जरा लांब जायची तयारी असेल तर विस्कॉन्सिन नदीवर प्रेरी डू सॅकच्या धरणाखाली पाणी खळाळतं असतं, तिथे शरदात वॉलाय नावाचे मासे येतात, पण काठावर गर्दी असते आणि पाण्याला ओढ आहे, ९ वर्षांच्या मुलाला लाइफ जॅकेटशिवाय काठाला सोडू नका.

शहरातच रहायचं तर विंग्रा लेक. उथळ आहे, त्याचं कधीचंच मिसळून झालेलं असतं. तिथे अजून हिरवं असलेलं पाणगवत शोधायचं. चॉकलेटी झालेलं, सडायला लागलेलं गवत सोडून द्या, हिरव्याच्या कडेला ब्लूगिल असतात. छोटा गळ, गांडुळाचा अर्धा इंच तुकडा (अख्खं गांडूळ लावलं तर ते टोकाचं कुरतडून पळतात), आणि फुगा (दोरीवरचा तरंगता बोया) गळाच्या दोन-तीन फूट वर. आणि मेंडोटावरच बसायचं झालं तर ज्या काठावर वारा येऊन आदळतोय तो काठ धरा. अंगावर गार वारा येतो, मुलं कुरकुर करतील, पण लाटांनी तिथल्या पाण्यात हवा मिसळते, बारीक मासे तिकडे ढकलले जातात आणि त्यांच्यामागे मोठे.

लायसन्स, १६ च्या आतल्या मुलांना विस्कॉन्सिनमध्ये लागत नाही. तुम्ही रॉड हातात धरणार असाल तर तुम्हाला लागेल, बाहेरच्या राज्यातल्यांसाठी एक दिवसाचं मिळतं. "मी फक्त धरून उभी होते" हे कोणी ऐकून घेत नाही.

एक गंमत तुमच्या तेरा वर्षांच्याला सांगा. मेंडोटात सिस्को नावाचा चंदेरी मासा आहे, त्याला गार पाणी पण हवं आणि ऑक्सिजन पण. उन्हाळ्याच्या शेवटी वर ऑक्सिजन आहे पण पाणी गरम, खाली पाणी गार पण ऑक्सिजन नाही, बिचारा मधल्या चिंचोळ्या पट्टीत अडकतो आणि एखाद्या कडक उन्हाळ्यात ढिगाने मरतो. त्याच्यासाठी तळं उलटणं म्हणजे सुटका. मग पाणी अजून गारठलं की हे सिस्को अंडी घालायला काठाकडे येतात आणि मस्की नावाचे मोठाले शिकारी मासे त्यांच्या मागावर. उत्तरेकडचे मस्कीवाले म्हणूनच नोव्हेंबरात, बोटं बधिर होत असताना, बोटी काढतात. मी एकदा गेलो होतो, सहा तासांत मासा एकही नाही आणि आठवडाभर सर्दी.

प्रश्न : एवढा वास येणाऱ्या पाण्यातला मासा खायचा का?

उत्तर : जिवंत, तडफदार लागलेला मासा असेल तर खायला हरकत नाही, वास पाण्याला आहे. मेलेला, तरंगणारा उचलू नका, हे सांगायला नको. कधी कधी मातकट चव लागते ती शेवाळ आणि जिवाणू सोडतात त्या पदार्थाची, कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकली, हळद-मीठ-लिंबू लावून अर्धा तास ठेवलं की बरीच जाते. पर्चचे फिले बारीक असतात, रवा लावून तव्यावर, बास. किती खायचे याचा सल्ला राज्याच्या साइटवर लेकनुसार असतो, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर तो तक्ता बघूनच ठरवा.

प्रश्न : तुमचं सदर माझा अमेरिकेतला भाऊ पाठवतो. आमचं सिन्नर तालुक्यात प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे, त्यात रोहू, कटला, मृगळ सोडलेत. परवा चार दिवस ढगाळ होतं, मग रात्री जोरात पाऊस झाला. पहाटे बघतो तर मासे वर येऊन तोंड वासत होते आणि सकाळपर्यंत बरेच मेले. शेजारी म्हणतात कोणीतरी औषध टाकलं. आमच्याकडे थंडी-बर्फ नाही, मग हे तुम्ही लिहिता तसलं असू शकतं का?

उत्तर : दादा, असू शकतं, आणि शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी हे वाचा. तुमच्याकडे पाणी ४ डिग्रीला जात नाही, पण मगाशी म्हणलं तसं ४ लागतच नाही, वरचं पाणी खालच्याइतकं गार झालं की पुरतं. शेततळं खोल, बांध उंच, वारा आत पोचत नाही, त्यामुळे उन्हाने वरचं तापतं आणि थर बसतात. खाली उरलेलं खाद्य, विष्ठा कुजते, तिथला ऑक्सिजन संपतो, अमोनिया आणि तो सडक्या अंड्याचा वायू साठतो. त्यात चार दिवस ढग, म्हणजे पाण्यातल्या हिरव्या शेवाळाने दिवसा ऑक्सिजन फारसा बनवलाच नाही, उलट रात्री तेही आणि मासेही श्वास घेतच होते. ऑक्सिजनचा साठा आधीच संपत आलेला. वरून गार पाऊस, वरचं पाणी झटक्यात गार होऊन बुडालं आणि खालचं वाईट पाणी वर. मेंडोटाला जे व्हायला महिना लागतो ते तुमच्याकडे एका रात्रीत झालं, आणि तिकडे माशाला सरकायला मैलोनमैल पाणी आहे, तुमच्याकडे प्लास्टिकच्या चार भिंती. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो, १० डिग्रीला लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० डिग्रीला साडेसात.

विष आणि हे ओळखायचं कसं? पूर्ण खात्री पाणी तपासल्याशिवाय नाही, पण पहाटे तोंड वासणं, मोठे मासे आधी मरणं (त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो), पाण्याचा रंग रात्रीतून बदलणं आणि वास, हे सगळं ऑक्सिजनकडे बोट दाखवतं. विषाला पहाटेची वाट बघायची गरज नसते.

आता करायचं काय. ढग आले की त्या दिवसापासून खाद्य बंद, मासा दोन-तीन दिवस उपाशी राहून मरत नाही. पहाटे ४ ते ६ ही वेळ धोक्याची, त्या वेळी बॅटरी घेऊन एक फेरी मारा. मासे वर दिसले तर मोटर चालू करून वरच्या थरातलं पाणी उचला आणि हवेतून फवाऱ्यासारखं परत तळ्यातच सोडा, विहिरीचं पाणी असेल तर तेही असंच उंचावरून. तळ ढवळायला माणूस आत उतरवू नका, उरलंसुरलं वाईट पाणी वर येईल. एरेटर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) घेणार असाल तर चांगलंच, फक्त खोल तळ्यात पहिल्याच दिवशी तळाशी ठेवून रात्रभर फुल चालवू नका, तुम्हीच स्वतःच्या हाताने तळं उलटवाल. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तास, असं वाढवत न्या, आणि एकदा थर मोडले की मग रोज चालवा म्हणजे परत बसणार नाहीत.

मेलेले मासे आजच काढून लांब पुरा, कुजले की राहिलेल्यांचा ऑक्सिजन तेच खातील. आणि मला एवढं कळवा : तळं किती फूट खोल आहे, मासे किती सोडले होते, रोज खाद्य किती किलो टाकत होतात, आणि त्या बाटली-बुचाच्या युक्तीने दुपारी तीनला वरचं आणि तळाचं टेम्परेचर किती येतंय. पाणी वर काढल्यावर त्याचा वास पण घेऊन बघा.